जांभळ्यावर काळा

मालेगाव, रविवार, संध्याकाळ

डोकं नुसतं तापून राह्यलं. माह्या गेमच्या कंट्रोलरवर दादानं काळा स्प्रे मारला! त्याचं पांढरं कव्हर खोलून, कपड्याच्या रंगात उकळून मी जांभळं केलं होतं. जांभळं, मले आवडते म्हणून.

"काहून मारला?"

"दोस्त हसतात. पोरीचा रंग हाय."

रोज मागून नेते हा माहाच, अन् लाज यालेच? विचारायचं तरी!

दोस्तांसंगं तो खेळतच होता; कंट्रोलर हिसकून त्यायच्यासमोरच मी नखानं खरवडलं. काळा पापुद्रा सुटला. जांभळं तसंच होतं; प्लास्टिकात मुरलेलं ते, कुठं जाते?

दादा म्हणाला, "उद्या पुन्हा मारतो."

"मार. पण स्वतःचा इकत घेऊन त्याच्यावर मार."

त्यायचा खेळ अर्धाच ठेवून कंट्रोलर घेऊन आली मी.