कातळातलं निळं

२८ मे, मंगळवार.
सोमवारी सकाळी आठला बिरवाडीच्या कंपनीत हजर व्हायचं. हेल्पर म्हणून. दत्ताराममामाने तिथल्या साहेबाकडे शब्द टाकला, माझी मार्कशीट दिली, म्हणून आई हरखलीय. मी हेल्प करावी अशी त्यांची लायकी हवी ना! तरी जाईन. आईसाठी.

२९ मे.
आईने भिकाजीकाकाच्या पोफळीच्या बागेतून झावळ्या आणायला पाठवलं. वाटेत खेकड्याचं बीळ दिसलं म्हणून ओढ्यात उतरलो. आणि काठच्या कातळात, भोकात, निळेशार खडे! कॅव्हनसाइट. दुर्मिळ खनिज. परदेशातले शौकीन काचेच्या कपाटात ठेवतात. मोबाइलवर बघितलेल्या व्हिडिओत खुणा सांगितल्यात: काळा दगड, त्याला भोक, भोकात निळं, शेजारी पांढरं. सगळं जमलं. व्हिडिओ वीस मिनिटांचा. मला सहा मिनिटांत कळला, मग बुलेटच्या सायलेन्सरचा लावला.
झावळ्या राहिल्या.

३० मे.
धाकटी बहीण समीक्षा विचारते, दादा, पाण्यात टाकून बघितलंस का रे? केमिस्ट्रीत बी.एस्सी. झाली की माणसं अशी होतात. म्हटलं, हिरे कोणी बादलीत बुडवतं का? गप्प बसली.
नाही, हसली.

३१ मे.
खडे काढताना भिकाजीकाका आला. म्हणे, काय खरवडतोस रे, तिथं मी दर वर्षी... पुढचं बोलूच दिलं नाही. हिस्सा मागायचा. म्हटलं, अभ्यास चाललाय. म्हणे, तुझा? विडी पेटवून निघून गेला. पायाखाली खजिना, आणि ह्याला सुपारीची चिंता. अडाणी.
मामाला फोनवर कळवलं, नोकरी नको. तो पाच मिनिटं बोलला. मी एक ऐकलं. सोमवारी माझे कागद समीक्षा कंपनीतून परत आणेल.

३ जून, सोमवार. महाड.
जलीलभाई खाणीतले स्फटिक विकत घेतो. डबा उघडला. त्याने चहाचा ग्लास विसळला, पाणी ओतलं, खडा टाकला. पाणी निळं. खडा विरघळत गेला. म्हणे, अरे बाबा, ह्यो मोरचूद हाय, सुपारीवर फवारायचं विष. पांढरा तो चुना. कोणीतरी कातळावर कुटलान आसल. वर विचारतो, जेवायच्या आधी हात धुतलंस ना?
ग्लासच नीट विसळला नव्हता.

रात्री आठ.
भिकाजीकाका म्हणे, मी दर वर्षी तिथंच कुटतो, त्या दिवशी तेच सांगत होतो, पन तुजा अभ्यास! वाडीभर हसू.
ठीक. मोठ्या मनाने उद्या बिरवाडीला जाऊन हेल्पर होऊ, असं आईला सांगितलं. आईने समीक्षाकडे बघितलं. समीक्षाच बोलली. कागद मागायला गेली तर साहेबाने तिचंच शिक्षण विचारलं आणि लॅबमध्ये घेतलं. हेल्परच्या जागी दुसरा लागलासुद्धा.

४ जून.
समीक्षाला बाइकवरून हायवेला, कंपनीच्या गाडीपर्यंत सोडलं. हे आता रोजचं. उतरताना म्हणाली, दादा, संध्याकाळी सहाला न्यायला ये, आणि वाटेत कुठे वळू नकोस.
हो म्हटलं.