सोपानकाकांनी दिलेली बंदूक

दसरा, संध्याकाळ. सावेडी.

अमेरिकेतून केदारचा फोन. लेकाने पिस्तूल घेतलंय! दुकानात गेला, कागदं भरली, घेऊन आला. आता रविवारी नेमबाजी शिकायला जातो म्हणे. व्हिडिओवर दाखवत होता, मी धड बघितलंच नाही.

मला माहेरची, काष्टीच्या घरातली आमची बंदूक दिसत राहिली. दसऱ्याला विळ्या-कोयत्यांशेजारी पाटावर, नळीला झेंडूची माळ.

उसात रानडुकरं फार, म्हणून दादांनी, माझ्या वडिलांनी, परवाना मागितला होता. पोलीस गावात चौकशीला आले आणि नेमके शेजारच्या सोपानकाकांच्या दारात गेले. त्यांचं-आमचं बांधावरून बोलणं बंद. आईने कपाळाला हात लावला. मी ओट्यावरून ऐकत होते.

काका म्हणाले, "बांध कोरतो त्यो, खोटं कशाला बोलू? पर रागात कुनावर हात उचलनारा न्हाई. द्या त्याला."

त्या दसऱ्याला दादा सोनं द्यायला आधी त्यांच्याकडे गेले. काय बोलले कुणास ठाऊक. दोघांचेही डोळे ओले होते.

दादा गेल्यावर बंदूक ठाण्यात जमा झाली. झेंडूची माळ मात्र मनातून जात नाही.

केदारला विचारलं, "तुझ्या शेजाऱ्याला विचारलं का रे कुणी?"

"आई, शेजारी कोण राहतं तेच मला माहीत नाही."

चांगला झापणार होते. पण आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्यांचं आडनाव काय? वर्ष होत आलं त्यांना येऊन. आपट्याची पानं अजून ताटात तशीच आहेत.

उठते. बेल वाजवून येते.