वरच्या दोन खोल्या

माय, हे घर तू पाहिलंच नाहीस. तू गेलीस त्यानंतर कितीतरी वर्षांनी आम्ही ते जिंतूरला, शाळेपासून चालत जाता येईल अशा कॉलनीत बांधलं. खाली आम्ही दोघं राहतो. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याच्यासाठी काढलेल्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या. त्या भाड्यानं द्यायचं ठरलं तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. फळ्यावर लिहिता लिहिता मधेच थांबते. फोडणी करपून जाते आणि मी दारात उभी असते. ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगितली तर एक तर ते शाबासकी देतील, नाहीतर वेड्यात काढतील. तू दोन्ही करणार नाहीस, म्हणून तुला लिहायला बसले.

मला नोकरीची ऑर्डर आली तेव्हा याच गावात आपण दोघी खोली शोधायला आलो होतो. सेलूच्या जिनिंगमध्ये खाडा करून तू आली होतीस आणि तुझ्या केसांत अडकलेला कापूस मी एसटीत वेचत होते. पहिल्या घरच्या बाई किती गोड बोलल्या. खोली दाखवली, चहा ठेवते म्हणाल्या. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. "आमच्यात देवघर आहे हो," त्या म्हणाल्या, आणि चहाचं पुढं काही झालं नाही. दुसऱ्या घरची खोली कालच गेलेली होती, भिंतीवर पाटी मात्र तशीच. रस्त्यात मी हळूच म्हटलं, "माय, पुढच्या घरी दुसरंच आडनाव सांगू का?" तू भर उन्हात थांबलीस. माझ्याकडं असं बघितलंस की मला मारलं असतंस तर बरं झालं असतं. "इतकं शिकून हेच शिकलीस का? नाव झाकून ऱ्हायलीस तर त्या घरात झोप लागंल का तुला? खोली न्हाई भेटली तर न्हाई भेटली. मी पहाटं उठून डबा करते, तू रोज सेलूहून ये-जा कर." संध्याकाळी मशिदीच्या मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या टेलरचाचांनी खोली दिली. आडनाव त्यांनीही विचारलं होतं. ऐकून मशीनवरची मान वर न करता त्यांनी सकाळच्या नळाचं तेवढं सांगितलं, "पानी सुबू आता, भरके रखना." परतीच्या एसटीत तू ते वाक्य त्यांच्यासारखंच म्हणून दाखवत होतीस आणि हसत होतीस.

आणि आता माझ्याच दारात एक पोरगी येऊन उभी राहिली. सरकारी दवाखान्यात नर्स, नवीन लागलेली. तिच्याबरोबर तिची आई. आई फाटकाच्या बाहेरच थांबली, खुर्ची दिली तरी बसली नाही. पोरगी खोल्या न बघताच म्हणाली, "ताई, आधी सांगते. आम्ही पारधी आहोत. चारठाण्याच्या पुढं बेडा हाय, आमच्या लोकांची वस्ती. मागून कळलं की लोक सामान बाहेर काढायला लावतात. दोनदा झालंय. तुम्हाला जमत नसंल तर आत्ताच सांगा, मी वर चढत बी नाही." हे माझ्या मागं उभे होते. "विचार करून कळवतो," असं म्हणाले. आईनं फाटक लावून घेतलं, कडीचा आवाज होऊ न देता.

घरात आल्यावर हे म्हणाले, "तुला काय गरज पडलीय? या कॉलनीनं आपल्याला सामावून घ्यायला किती वर्षं लावली, विसरलीस का?" दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला स्टेजवरून समतेवर बोलणारा हा माणूस. मी समोरच्या भिंतीवरच्या फोटोंकडं बघितलं, तर त्यांनी मान फिरवली. "ते बोलायचं वेगळं आणि जिन्यावरून रोज कोण चढतं-उतरतं ते वेगळं," म्हणाले. त्यांचा राग आला, पण ते खोटं बोलत नव्हते. भीती मलाही वाटत होती, मी फक्त तोंडानं म्हटलं नव्हतं.

दुपारी शेजारच्या काकू आल्या. बोरीकडची मोठी शेती त्यांच्या घरची. आम्ही नवीन होतो तेव्हा माझ्या हातचा तिळगूळ त्या घ्यायच्या आणि पदरात तसाच ठेवायच्या. आता माझ्या स्वयंपाकघरात बसून पोळी खातात. हे कसं होत गेलं, कोणत्या संक्रांतीला पहिला दाणा तोंडात गेला, ते सगळं मला पाठ आहे. काकू म्हणाल्या, "मॅडम, त्या लोकांना खोली देऊ नका बाई. त्यांच्यातलं कोण कधी येईल, काय उचलून नेईल, भरवसा नाही. तुमचं वेगळं. तुम्ही आता आपल्यातल्याच झालात."

आपल्यातल्याच. माय, हा शब्द ऐकायला मी किती वर्षं वाट बघितली होती! आणि आला तो असा, दुसऱ्या कुणाला बाहेर ठेवण्यासाठी. काकूंना मी चहा दिला, फाटकापर्यंत सोडलं, आणि आत येऊन नुसती येरझाऱ्या घालत राहिले. सकाळी ह्यांना न विचारता त्या पोरीला फोन केला. म्हटलं, सामान घेऊन ये.

ती आली. एक पत्र्याची पेटी, गॅसची शेगडी, गादी. ह्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, पण गादी जिन्यात अडकली तेव्हा उठून दुसरं टोक त्यांनीच धरलं. त्यानंतर तिनं कॉलनीतल्या कुणाचा जीव वाचवला आणि ती सगळ्यांची लाडकी झाली, असं काही घडलेलं नाही. भिशीचा निरोप मला येईनासा झाला. काकू बोलतात, पण उभ्या उभ्या. त्यांच्या भिंतीवर कॅमेरा बसला आणि त्याचं तोंड आमच्या जिन्याकडं आहे. पोरीनं एकदा विचारलं, "ताई, तो चालू हाय का नुसताच?" मी म्हटलं, चालू असेल. ती हसली. "असू द्या. मी ड्युटीवरून कधी आले ते त्यांना तरी ठाऊक ऱ्हाईल." तिची आई महिन्यातून एकदा येते. आता ओट्यावर टेकते, खुर्चीत अजून बसत नाही. मी शेजारी जाऊन बसते.

इथपर्यंत वाचून तू म्हणशील, पोरी, बरं केलंस. थांब जरा. परवा ह्यांचं डोकं दुखत होतं. ती ड्युटीवरून आली तशीच, न बोलावता, बीपीचं मशीन घेऊन खाली उतरली. आतल्या खोलीत पलंगावर बसून ह्यांच्या दंडाला पट्टा बांधत होती. मी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले. दूध ओतलं, आणि गॅस न पेटवताच परत आले. पलंगाशेजारच्या दागिन्यांच्या कपाटाला किल्ली लावली, फिरवली, काढून कमरेला खोचली. काही विचार न करता हात गेला, असं लिहावंसं वाटतं. पण विचार केला होता. ह्यांनी बघितलं. ती मशीनवरच्या आकड्याकडं बघत होती, निदान मला तसं वाटलं. "थोडं वाढलंय काका, मीठ कमी करा," म्हणाली. चहा प्यायली, आणि मी राहू दे राहू दे म्हणत असताना स्वतःचा कप धुऊन पालथा घालून गेली. रात्री हे माझ्याकडं पाठ करून झोपले. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

हे तिला सांगायचं धाडस माझ्यात नाही, म्हणून तुला लिहिलं. आणि खरं सांगायचं तर माय, हे तुलाही पोचणार नाही, याचं मला थोडं बरं वाटतंय.