बारावा जोड

३ मार्च, सोमवार
आज नव्या जागी रुजू झाले. काम काय, तर शाळा बंद करायची! कचेरीत सगळ्यांनी हात झटकले, मी मात्र आपणहून मागून घेतलं. दुमजली इमारत, सोळा खोल्या आणि पोरं किती, तर अकरा. आजूबाजूची घरंच ओस पडलीत, पोरं येणार कुठून? शिपाईमामा भारी माणूस. म्हणाले, बाई, पोरं मोजायच्या भानगडीत पडू नका, एका जागी ठरत नाहीत. वर्गाबाहेरच्या चपला मोजा. तीस वर्षं ते असंच करतात. मोजल्या. बारा जोड निघाले. कुणीतरी विसरलं असेल, दुसरं काय.

५ मार्च
रजिस्टरातलं एकूण एक नाव बंद करायचं, दाखला लिहायचा, मगच कुलूप. दाखल्यात ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो. सगळ्यांचं एकच लिहिलं, शाळा बंद. एका चिमुरडीनं विचारलं, की बाई, सोडलं तर शाळेनं आम्हाला, मग कारण आमच्या नावावर का? कार्टी हुशार आहे! हसले, आणि मग जरा वेळ खिडकीशी जाऊन उभी राहिले. चपला आजही बाराच.

७ मार्च
बारावा जोड लाल, इवलासा. डाव्या पट्ट्याला सेफ्टी पिन. पोरं म्हणतात, आमच्यातल्या कुणाचा नाही. शिपाईमामांनी नजर चुकवली. म्हणाले, तीन वर्षं झाली, कितीदा उचलून ठेवला, सकाळी पुन्हा दाराशी. आधी सांगायला काय झालं होतं यांना!

१० मार्च
लिहूनच टाकते. तीन वर्षांपूर्वी आमच्या छकुलीचं नाव ह्यांनी याच शाळेत घातलं होतं. ते नाव एकदा बघायचं होतं, म्हणून हे काम मागितलं. शाळा सुरू व्हायला आठ दिवस होते आणि तिला ताप आला. चार दिवसांत सगळं संपलं.
ती पिन मी लावली होती. त्या चपला आम्ही तिच्याबरोबरच दिल्या होत्या. माझ्या हातांनी घातल्या होत्या मी.

१२ मार्च
नाव सापडलं. सोडल्याची तारीख कोरी. ह्यांना फोन केला, ते एकच म्हणत राहिले, तू आधी घरी ये. कशी येऊ?
वरच्या रिकाम्या वर्गात बाक सरकला. गेले. कुणी नाही. बाकावर हात ठेवला — गरम. तापासारखा.

१४ मार्च
अकराही गेली. आपापल्या आईबापांचं बोट धरून. वरच्या वर्गाच्या दाराशी आता एकच जोड.
शिपाईमामा खाली किल्लीसाठी थांबलेत, हाका मारतायत. कुलूप लावलं तर ती आत — तीन वर्षं बसलीय गं माझी पोर, कुणी न्यायलाच आलं नाही —
दाखला लिहिला. पालकाची सही, केली. कारण — आई न्यायला आली.
दाराशी जोड नाही. आत आलाय. माझ्या पायाशी. हात किती तापलाय तुझा, बाळा —
खालून हाका. मारू देत.
पिन उघडी आहे, टोचेल तिला, थांब, आधी ती ला