मधू पास झाला

॥ श्री ॥
अंबरनाथ,
ता. ९ फेब्रुवारी १९९१

ती. गुरुदत्तदादास मालूचा शि. सा. न. वि. वि.

आई जाऊन काल तीन महिने झाले. बेलवलीच्या घरी मधू बरा आहे. विठाबाई त्याचं जेवणखाण बघते आणि सकाळी तो हरिचंद्राच्या गिरणीवर जातो. अडतीस वर्षांत त्याला आकडे जमले नाहीत, पण दळणाचा कोणता डबा कोणाचा हे चिठ्ठीशिवाय ओळखतो.

एक घोटाळा मात्र झाला. आई होती तोवर कागदावर सही ती करायची. आता मधू करतो, आणि त्याला सही करायला फार आवडतं. परवा त्याच्या सहीवर बाजारातल्या फर्निचरवाल्याचा टेम्पो दारात दोन पाळणे उतरवून गेला! शेठ भला माणूस, हसत परत घेऊन गेला. दोन कशाला म्हणून विचारलं, तर मधू म्हणाला की एक असता तर एकटा पडला असता.

आज पाळणे, उद्या कोणी घर लिहून घेईल. वकील म्हणतात, ठाण्याच्या कोर्टातून त्याच्यासाठी पालक नेमून घ्या. त्याआधी डॉक्टरांचा दाखला हवा, की याला सगळे निर्णय एकट्याने घेता येत नाहीत. दोन मार्चला तपासणी आहे.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे तसाच असू दे.
मालू

॥ श्री ॥
नागपूर,
ता. १६ फेब्रुवारी १९९१

चि. सौ. मालूस अनेक आशीर्वाद.

पालक मीच होईन. मधूला इकडे आणतो आणि बेलवलीचं घर बंद करू. इथे मागची खोली रिकामीच आहे. बँकेत चाळीस माणसं सांभाळतो, एक भाऊ जड नाही. त्याला विचारत बसू नकोस, तो गिरणी सोडून कुठेच जायचा नाही. तेवढा दाखला मिळव.

चि. मधूस आशीर्वाद. बाकी क्षेम.
गुरुदत्त

॥ श्री ॥
अंबरनाथ,
ता. ४ मार्च १९९१

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस. मधू पास झाला.

तुला ठाऊक आहे, आपल्या घरात परीक्षा म्हटली की काय होतं. मी पडले मास्तरीण. पंधरा दिवस रोज शाळा सुटल्यावर बेलवलीला जाऊन त्याची तयारी घेतली. वार, महिने, दहाच्या नोटेची मोड, सगळं घोकून घेतलं. डॉक्टर विचारत गेले आणि हा धडाधड सांगत गेला. मी मागे बसून ओठ हलवत होते, ते त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी शेरा दिला, 'समाधानकारक'. दाखला नाकारला. आणि मी वेडी, बाहेर येऊन पेढे वाटले! अर्धा किलो संपल्यावर डोक्यात उजेड पडला.

आता पुन्हा तारीख घेतली आहे. या वेळी येईल तसंच उत्तर दे म्हटलं, तर मधू रुसलाय. आपण नापास होणार नाही म्हणतो. आणि दादा, नागपूरचं नाव काढलं तर त्याने गिरणीतून घरी येणंच बंद केलं. हरिचंद्राने हात धरून आणून सोडला. मला रडू आलं.

तुझी माया कमी होऊ देऊ नकोस.
मालू

॥ श्री ॥
नागपूर,
ता. ११ मार्च १९९१

चि. सौ. मालूस अनेक आशीर्वाद.

तुला काय म्हणावं! ज्या परीक्षेत नापास व्हायचं, तिची शिकवणी घेणारी तू एकटीच. पुढल्या वेळी तू बाहेर बस. नागपूरचं ठरलं आहे, खोलीला रंगही लावला.

चि. मधूस आशीर्वाद. इकडे सर्व कुशल.
गुरुदत्त

॥ श्री ॥
अंबरनाथ,
ता. २० जुलै १९९१

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

निकाल लागला. दाखला एप्रिलमध्येच मिळाला होता. डॉक्टरांनी या खेपेस कोरा कागद पुढे केला, मधूने खुशीत दोन्ही बाजूंनी सही केली. पुढचं विचारायची गरजच पडली नाही.

काल जज्जसाहेबांनी त्याला जवळ बसवून विचारलं, की तुझ्यासाठी कोणी ठरवावं? हे मी शिकवलंच नव्हतं. मधूने उलट विचारलं, कशाचं? साहेब हसून म्हणाले, तूच सांग. मग तो म्हणाला, कागदाचं मालूताईने. गिरणीचं आणि घराचं त्याचं त्याने. दादा का नको, तर म्हणे दादा चांगला आहे, पण विचारत नाही, सांगतो.

पालक मला नेमलं. मधूने बेलवलीतच राहायचं, आणि कुठल्याही कागदाआधी मी त्याला समजावून विचारायचं, असं बजावलंय. तुला लागेल हे कळतं, पण लपवणं बरं नव्हे.

धाकटीवर राग धरू नये.
मालू

॥ श्री ॥
नागपूर,
ता. २ ऑगस्ट १९९१

चि. मधूस अनेक आशीर्वाद.

तुला स्वतंत्र पत्र मी पहिल्यांदाच लिहितोय. मालूला लिहिलेल्या पत्रांच्या शेवटी तुला आशीर्वाद लिहून मोकळा व्हायचो. चार दिवस तुझा राग आला होता, मग स्वतःची लाज वाटली.

अक्षर मोठं काढलंय, सावकाश वाच. एक विचारायचं आहे. गणपतीला मी तुझ्याकडे येऊ का?

उत्तराची वाट पाहतो.
तुझा दादा

बेलवली

दादा,

ये. मालूताईला विचारू नको. मी ठरवलं.

वहिनीला आण. एक एकटा पडतो.

सहीच्या आधी वाचलं.

मधू