सिस्टर, दुखेल का?

दादा,

हे पत्र काही मी पाठवणार नाही. 'घुमी बोलली, घुमी बोलली' करून तू चिडवून जीव घेशील. पण सांगितल्याशिवाय राहवतच नाहीये!

आई पास झाली! साथीमुळे तिच्या नर्सिंगच्या डिग्रीचं प्रॅक्टिकल घरूनच, व्हिडिओ कॉलवर झालं. वॉर्डातली ड्यूटी करून नुकतीच आलेली, डोळे लालभडक. पेशंट म्हणून मला खाटेवर झोपवलं. "तू फक्त गप्प पडून राहा," म्हणाली. ते मला छान जमतं. तोंडी परीक्षेच्या भीतीनेच तर मी शाळा सोडली.

आईने ड्रेसिंगचा ट्रे उघडला, पण घाबरून पेशंटला आधी समजावून सांगायचंच विसरली! त्याचे मार्क असतात, तिला पाठ करताना ऐकलंय ना मी. फोनमधून परीक्षक मॅडम बघतच होत्या. आणि मी चक्क बोलले, "सिस्टर, काय करणार आहात? दुखेल का?"

आई थबकली, मग सगळं नीट सांगितलं. मॅडम हसल्या, "तुमची पेशंट फारच चौकस आहे हो!"

निकाल कळल्यावर आईने विचारलं, "शाळेत परत नाव घालू का तुझं?"

मी नेहमीसारखी मान नाही हलवली, दादा. तोंडाने म्हणाले, "हो."

तुझी,
घुमी (आता नवीन नाव शोध)