सिएनाला मी रेल्वेनं जाणार

अण्णा, पुढच्या महिन्यात आम्ही इटलीला चाललोय. मी आणि हे, दोघंच. तुम्ही असता तर पहिला प्रश्न विचारला असता, "टूर कुणाची?" आणि तिथंच तर सगळं अडलंय. विमान ठरलं, रोम आणि फ्लॉरेन्सची हॉटेलं ठरली, पण तिथून रोज कुठं आणि कसं जायचं ते ठरेना. यांना गाइडवाल्या एका दिवसाच्या सहली हव्यात, सकाळी बसनं न्यायचं आणि संध्याकाळी हॉटेलपाशी आणून सोडायचं. मला रेल्वे हवी. बेंगळुरात जे. पी. नगरच्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल तीन आठवडे नकाशांनी भरलंय, ताटं मांडीवर घेऊन आम्ही जेवतो आणि भांडतो. साठाव्या वर्षी एवढा उत्साह कुठून आलाय कोण जाणे! सकाळी चहा गार होतो तरी मी आपली तिकडच्या गाड्यांची वेळापत्रकं वाचत बसलेली असते.

यांचं म्हणणं काही खोटं नाही. परवा म्हणाले, "स्वल्प, थोडा तरी विचार कर. भाषा येत नाही, त्यात तुझे गुडघे असे. मधेच रेल्वेचा संप होतो म्हणे तिकडं. बसमध्ये बसलं की डोकं चालवायला नको." मी म्हटलं, "तीस वर्षं ऑफिसात डोकंच चालवलं, आता फिरायला जाताना ते घरी ठेवून जाऊ?" ते हसले आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. फ्लॉरेन्सहून एकाच दिवसात सिएना, डोंगरावरचं आणखी एक गाव आणि शेवटी पिसाचा कलता मनोरा, जेवण त्यातच. मी खालची बारीक अक्षरं वाचली. सिएनात गाइडबरोबर फेरी, नंतर मोकळा वेळ चाळीस मिनिटं. ते वाचलं आणि माझ्या कानात तुमची शिट्टी वाजली.

मराठी मंडळाच्या सहली तुम्हीच काढायचात. बेंगळुरातली चाळीस मराठी माणसं, भाड्याची बस, तुमच्या हातात यादी आणि गळ्यात शिट्टी. हळेबीडचा तो दिवस तुम्हाला आठवतो का, मला माहीत नाही. मी तेरा वर्षांची आहे. देवळाच्या भिंतीवर खालून हत्तींची रांग कोरलीय, आणि यातला एक हत्ती दुसऱ्यासारखा नाही हे नुकतंच माझ्या लक्षात आलंय. भिंतीला हात लावत मी एकेक हत्ती बघत पुढं सरकतेय. शिट्टी ऐकू येते, पुन्हा येते, पण मला कोपऱ्यापलीकडचे हत्ती बघायचेत. मग तुम्ही आलात. दंडाला धरून मला बसपाशी नेलंत आणि सगळ्यांसमोर पोटच्या मुलीला म्हणालात, "चाळीस माणसं एका मुलीसाठी खोळंबलीत. लाज वाटत नाही?" वाटली, अण्णा. परतीच्या वाटेवर मी मान वर केली नाही. आठ दिवसांनी चिकपेटच्या बाजारातून तुम्ही माझ्यासाठी मनगटी घड्याळ आणलंत, तेव्हा हे बक्षीस की शिक्षा तेच मला कळेना. पुढं सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षं काढली, एक दिवस उशीर झाला नाही. जिथं जिथं फिरायला गेले तिथं अर्धं लक्ष बसकडे ठेवूनच पाहिलं.

त्याचा राग मी बरीच वर्षं सांभाळला. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली तरी तो होता. पण आता नकाशे पसरून बसल्यावर भलताच प्रश्न पडतो. त्या सहलींत तुम्ही स्वतः काय पाहिलंत? मला तुम्ही आठवता ते बसच्या दाराशी उभे. कुणाच्या आजींना हात देऊन उतरवताय, कुणाचं मूल ओकतंय म्हणून लिंबू शोधताय, यादीवर खुणा करताय. हळेबीडला पाचदा तरी गेला असाल, पण एकही हत्ती नीट पाहिला नसेल तुम्ही. "अण्णा, तुम्ही आत जाऊन या, यादी मी धरते," एवढं म्हणायला मला कधी सुचलं नाही. याचं आता फार वाईट वाटतं.

तर अखेर काल आमचा तह झाला. पॉम्पेईला दोघांनी गाइडबरोबर जायचं, कारण ते उद्ध्वस्त शहर इतकं पसरलंय की सांगणारं कुणी नसेल तर नुसत्या भिंती बघून परत यावं लागेल. त्या पिसाच्या बसनं हे एकटे जाणार, आणि त्याच दिवशी मी रेल्वेनं सिएनाला. "म्हणजे तू एकटी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "एकटीच. तुमची बस येईल तेव्हा मी तिथल्या मोठ्या चौकात बसलेली असेन. चाळीस मिनिटं माझ्याबरोबर कॉफी प्या, मग पळा!" ते म्हणाले, "सरी, जा बाई. पण पोचल्या पोचल्या फोन कर." मला तर नाचावंसं वाटत होतं. आजवर मी एकटीनं कुठं प्रवास केलाय? दीड तासाची साधी गाडी, जागेला नंबर नाही, हवं त्या खिडकीशी बसायचं. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवायचा, नाहीतर दंड. स्टेशन खाली आणि गाव टेकडीवर, पण वर न्यायला सरकते जिने आहेत, म्हणजे गुडघ्यांचाही प्रश्न मिटला.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. त्या दिवसाचा कार्यक्रम मी यांना कागदावर लिहून दिलाय. त्यात परतीची म्हणून संध्याकाळची एक गाडीही लिहिलीय, त्यांना घोर नको म्हणून. पण ती उगाच लिहिलीय, अण्णा. कुठल्या गाडीनं परतायचं ते मी ठरवलेलंच नाही.